फोडून शिकवणाऱ्या उके मॅडम

उके मॅडम आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी पहिल्या तासाला एक माठ फोडला, दुसऱ्या तासाला एक नारळ फोडला आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या नळाची तोटी फोडली. तोटी तेवढी चुकून फुटली. पाणी येत नव्हतं म्हणून हातोडीनं एक हलका ठोका दिला, असं त्यांचं म्हणणं. 'हलका' हा शब्द त्यांचा. मी धावत बाहेर आलो तेव्हा तोटी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पडली होती आणि पाणी माझ्या पँटवर येत होतं. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलं का नाही पानी?"

गावाचं नाव सांगत नाही. कामठ्याच्या पलीकडे कुठंतरी आहे, एवढं पुरे. त्या गावची माणसं वाचतात, आणि त्यातल्या काहींचे हात अजून चांगले चालतात. शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि प्रभारी मुख्याध्यापक म्हणून कागदावर सह्या करायचं कामही माझ्याकडे. दोन वर्गांमध्ये एक भिंत, भिंतीत एक खिडकी. खिडकीला झडप नव्हती. त्या खिडकीतून मी चार वर्षं जे पाहिलं, ते दंडारीसारख्या लोकनाट्याच्या कुठल्याही फडात पाहायला मिळालं नसतं. माझ्या वर्गातली पोरं तेव्हा शुद्धलेखन करत असत. करत असावीत. माझी पाठ त्यांच्याकडे असे.

मॅडम दिसायला अगदी किरकोळ. पन्नाशीच्या, काडीसारख्या, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. फुलचूरहून स्कूटीनं यायच्या. स्कूटीच्या पायदानावर खताचं रिकामं पोतं असायचं आणि पोत्यात हातोडी, करवत, कोयता आणि पक्कड. गाडी गावच्या खड्ड्यांतून उडायला लागली की ते सामान खणखणायचं आणि पोरं 'मॅडम आली, मॅडम आली' करत फाटकाकडे पळायची. दुसऱ्या एखाद्या गावात असा आवाज ऐकून लेकरं घरात लपली असती.

आता ही तोडफोड पुढं एवढी कशापायी वाढली, ते सांगतो. त्याला कारण मी आहे.

मॅडम यायच्या आधी वर्षभर पहिलीचा वर्गही मीच सांभाळत होतो. आकार शिकवायला सरकारनं प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची एक पेटी दिली होती. शंकू लाल, गोल पिवळा, घन निळा, दंडगोल हिरवा आणि इष्टिकाचिती पांढरी. मी पेटीतून एकेक ठोकळा काढून दाखवायचो, पोरं एका सुरात नाव सांगायची. एकही चूक नाही. मला वाटायचं, आपल्या हाताला काय गुण आहे!

मॅडमना येऊन पंधरवडा झाला आणि केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना पहिलीच्या वर्गात नेलं. मॅडमनी पेटी उघडलीच नाही. पोषण आहाराच्या टोपलीतून एक टमाटर आणलं आणि वर धरलं.

"हे काय?"

"शंकू!" सगळा वर्ग ओरडला.

साहेबांच्या हातात पिवळी फाईल होती. मॅडमनी ती मागून घेतली. "अन् हे?"

"गोल!"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका गब्दुल पोरानं साहेबांच्या निळ्या सदऱ्याकडे बोट दाखवून, न विचारता, मोठ्या अभिमानानं सांगितलं, "अन् साहेब घन हायेत जी!"

वर्षभर पोरं रंग ओळखत होती आणि मी आकार शिकवत होतो.

 मॅडमनी पेटी उचलली, व्हरांड्यातून तरातरा चालत स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या आणि खिचडीखालच्या चुलीत एकेक ठोकळा कोंबायला लागल्या. आमची स्वयंपाकीण धुरपताबाई किंचाळली. हिरवा धूर निघाला, मग काळा. साहेब नाकाला रुमाल लावून ओरडत होते, "अहो, सरकारी सामान आहे ते!"

"सामान सरकारी," मॅडम चुलीत शंकू ढकलत म्हणाल्या, "अन् पोट्टे कोनाचे?"

त्या दिवशी खिचडीला असा वास आला की गावातली कुत्रीही तोंड लावेनात. पोरांना मुरमुरे वाटले. साहेबांनी शेरापुस्तकात काय लिहिलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोडाफोडीला ऊत आला. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. वस्तू नुसती पाहून आकार कळत नाही, तिला त्रास द्यावा लागतो. कोहळं आणायच्या, पोरांच्या मधोमध फरशीवर ठेवायच्या आणि कोयत्याचा एक घाव. दोन तुकडे डुलायला लागले की कापलेल्या बाजूवर बोट फिरवायला लावायच्या. "गोल कापला त काय निंगालं?" साबणाच्या खोक्यावर दोन्ही पायांनी उडी मारायच्या, ते चपटं झालं की फाडून उलगडायच्या. "पाहा, घन मेला. मरताना सहा चौकोन ठेवून गेला." दुधाच्या पावडरीचा डबा आडवा करून हातोडी घालायच्या. शेंगदाण्याच्या पुडीचं टोक बुक्कीनं बसवायच्या. पोरं आनंदानं बेभान व्हायची. मारामारीची सगळी हौस त्या वर्गात भागायची, त्यामुळे मधल्या सुट्टीत आमच्याकडे भांडणं होत नसत.

एकदा वर्ग घेऊन खळ्यावर गेल्या. तिथं धानाची मोठी रास पडलेली. "शंकू!" पोरं ओरडली. "चढा," मॅडम म्हणाल्या. वीस पोरं राशीवर तुटून पडली आणि दोन मिनिटांत शंकूचा पापड झाला. शेतकरी हातात फावडं घेऊन शिव्या देत धावला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊ, शिव्या मंग द्या. पयले रास पुन्हा लावा."

"तुमाले काय वेड लागलं काय जी मॅडम?"

"लावा त! पोट्टेहो, यायच्या फावड्याकडे पाहा."

तो शिव्या देत देत धान ओढायला लागला. वरून धान पडत गेलं, बाजूनं घसरत गेलं आणि पोरांच्या डोळ्यांदेखत पुन्हा शंकू उभा राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या माणसानं आयुष्यभर राशी लावल्या होत्या, पण त्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या असाव्यात. त्यानं उरलेल्या शिव्या गिळल्या.

एवढं सगळं फोडणाऱ्या या बाईनं चार वर्षांत एकाही पोराला बोट लावलं नाही. मी मात्र टेबलाच्या खणात बेशरमाची एक काडी ठेवत असे. बंदी आहे, मला ठाऊक आहे. नाल्याकाठी बेशरम फुकट उगवतं, आणि काडी सपकन् लागते. मॅडमना ती दिसत नसेल असं मी धरून चाललो होतो. खिडकीतून दोन्ही बाजूंनी दिसतं, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

दिवाळीनंतरची गोष्ट. मॅडमनी सांगितलं, उद्या प्रत्येकानं घरून एक दंडगोल आणायचा. आणलेल्या वस्तूबद्दल त्यांच्या वर्गात तीन गोष्टी सांगाव्या लागत: नाव, आकार, काम. तिन्ही सांगितल्याशिवाय खाली बसायची परवानगी नसे, मग घंटा झाली तरी.

दुसऱ्या दिवशी लाटणी आली, सेल आले, बॅटऱ्या आल्या, बांबूचे तुकडे आले. त्या गब्दुल पोराच्या धाकट्या भावानं तर गॅसचं रिकामं सिलिंडर रस्त्यानं घरंगळत आणलं. मागून त्याची आजी हातात चप्पल घेऊन धावत होती. मी खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून पोट धरून हसत होतो.

सगळ्यांत शेवटी पायल उभी राहिली. पहिलीतली, बारकीशी, न बोलणारी पोर. बाप देवचंद राईस मिलमध्ये हमाल. धानाचं पोतं एका हिसक्यात पाठीवर घेणारा गडी. पायलच्या हातात लोखंडी फुकणी होती. चूल फुंकायची हातभर लांबीची नळी, मधोमध वाकलेली.

"नाव?"

"फुकनी."

"आकार?"

"दंडगोल."

लगेच वर्गात जुंपली.

"वाकडी हाये जी मॅडम! दंडगोल वाकडा नसते!"

"असते! केळं नाई का वाकडं?"

"केळं दंडगोल नोहे बे, बैताड!"

असलं भांडण मॅडमना जेवणापेक्षा प्रिय. त्यांनी फुकणी डोळ्याला लावून आरपार बघायचा प्रयत्न केला. दिसलं नाही. "पायल, ही पयले सरळ होती?"

"व्हय."

"मंग वाकली कायनं?"

"मायच्या पाठीनं."

पायलनं हे इतकं सहज सांगितलं, जसं बाकीच्यांनी 'सेल बॅटरीत टाकाले' सांगितलं होतं. मी केळ्यावर हसत होतो. तोंड तसंच उघडं राहिलं. मॅडमची नजर फुकणीवरच होती. सिलिंडरवाल्या पोराला वाटलं, मॅडम विसरल्या. त्यानं आठवण करून दिली, "काम नाई विचारलं जी."

"चूल फुकाले," पायल आपणहून म्हणाली. "अन् मायले माराले."

मॅडमनी फुकणी टेबलावर ठेवली. "तिन्ही बरोबर. बस." मग वर्गाकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आनखी कोनाच्या घरी असं काम करनारा दंडगोल हाये?"

हात वर झाले. मी मोजले नाहीत. दोन पोरं बसल्या बसल्या सांगायला लागली, लाटणं, पाईप, तिफणीचा दांडा. आणि एक पोरगा उठला, दारातून बाहेर गेला, माझ्या वर्गात आला, माझ्या टेबलाचा खण ओढला आणि माझी काडी घेऊन परत गेला. माझ्यासमोरून! त्यानं ती फुकणीशेजारी ठेवली.

"नाव, काडी. आकार, दंडगोल. काम, पटले सर आमच्या दादाले मारतेत."

मॅडमनी काडी उचलली, दोन्ही हातांनी मोडली आणि मोडलेलं टोक खिडकीतून माझ्यापुढे धरलं.

"आतून पोकळ हाये जी सर," त्या म्हणाल्या.

चार वर्षांत त्या मला जे काही बोलल्या त्यातलं एवढंच मला लागलं. पण त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता. वर्गाला पाटीवर दंडगोल काढायला लावून त्या मला कार्यालयाच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"पोट्टीनं खरं सांगतलं. नियम माया होता, म्हणून सांगतलं. आता हे लेकरं मधल्या सुट्टीत घरी पळतीन, तासाभरात गावभर होईन. देवचंद चारले मिलमधून येते. मंग आज काय होते, सांगा."

"ठाण्यात जाऊ," मी म्हणालो.

"सुनीता दोन डाव गेली ठाण्यात. तोंड सुजलेलं घेऊन. नवरा-बायकोचं हाये म्हणून घरी धाडलं." सुनीता म्हणजे पायलची आई. मॅडमना हे धुरपताबाईकडून कळलं होतं. "हालचाल रजिस्टर काढा."

शिक्षक शाळेच्या वेळेत बाहेर गेला तर कुठं, कशासाठी, किती वाजता, हे त्या रजिस्टरात लिहायचं असतं. मॅडमनी चार वर्षांत त्याला हात लावला नव्हता. बँकेत गेल्या तरी लिहीत नसत, मी मागं लागून थकलो होतो. त्या दिवशी त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'विद्यार्थिनीच्या घरी गृहभेट. शासकीय काम.' वेळ लिहिली, सही केली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मीही सही केली, शिक्काही मारला. कशावर मारतोय ते तेव्हा मला कळलं नाही. सह्या मी नेहमी तशाच करतो. मॅडमनी रजिस्टर आपल्या पिशवीत टाकलं.

"पोट्ट्यायपाशी धुरपताबाईले बसवा अन् तुमी माया मागं या," त्या म्हणाल्या. "तुमाले काही कराचं नाही. फक्त पाहाचं."

हे काम मला जमण्यासारखं होतं.

चार वाजून गेले होते. मी देवचंदच्या कुंपणाच्या तट्ट्यामागे उभा राहिलो. तट्टा चांगला जाड होता. आजूबाजूची आठ-दहा माणसं आधीच जमली होती. देवचंद अंगणात खाटेवर बसला होता, मोहाची थोडी घेतलेली. सुनीता सांदवाडीत, अंगणाच्याच कडेला, चुलीवर भात शिजवत होती, तिची पाठ आमच्याकडे. मॅडम पायलचा हात धरून आत शिरल्या.

"देवचंदभाऊ, अभिनंदन! तुमच्या पोरीनं आज वर्गात पयला नंबर काढला."

देवचंद गोंधळला. तो भांडायच्या तयारीत बसला होता. "आमच्या पोट्टीनं?"

"व्हय त. ही फुकनी तिनं आनली. दंडगोल. आता ही शाळेत ठेवाची हाये, पन वाकडी हाये. तुमच्यावानी ताकदीचा मानूस गावात नाही. करा बरं सरळ."

शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ताकदीचं नाव काढल्यावर कोणता हमाल मागं हटेल? देवचंदनं फुकणी घेतली. हातानं वाकवून पाहिली. गुडघ्यावर ठेवून दाबली. मग पाट्यावर ठेवून तिच्यावर उभा राहिला. मानेच्या शिरा फुगल्या, बनियन घामानं भिजली. फुकणी तशीच.

"नाई होत जी."

"नाई होत?" मॅडमचा आवाज एकाएकी एवढा चढला की तट्ट्यावरची कोंबडी उडाली. "तुमच्या हातानं नाई होत, पायानं नाई होत. अन् एवढं लोखंड या बाईच्या पाठीनं वाकलं! मंग घरात ताकद कोनाची जास्त झाली, सांगा बरं देवचंदभाऊ!"

कुंपणापाशी एक म्हातारी खदखदून हसली. मग आणखी कोणीतरी.

देवचंदचं तोंड काळंठिक्कर पडलं. "माया घरचा मामला हाये, मास्तरीनबाई. निंगा इथून."

"निंगतो. फुकनी द्या."

पण देवचंदची नजर पायलवर गेली होती. सगळं कुठून निघालं ते त्याला कळलं. "तू सांगतलं ना?" म्हणत तो पोरीकडे वळला आणि फुकणी वर गेली. मॅडम मध्ये शिरल्या. डावा हात वर केला. सुका बांबू मोडावा तसा आवाज झाला आणि तो हात कोपराच्या खाली नको तिथं वळला.

मॅडम खाली बसल्या, पण ओरडल्या त्या माझ्या नावानं. "पटले सर! किती वाजले?"

तट्ट्यामागून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चार वाजून अठरा मिनिटं!" शाळा पाचला सुटते.

फुकणी पुन्हा वर गेली. ती खाली आलीच नाही. सुनीतानं चुलीवरचं भाताचं गंज फडक्यानं उचललं होतं, आणि त्यातली उकळती पेज तिनं नवऱ्याच्या पायांवर ओतली. आधी ओतली आणि मग मागं सरली. देवचंद असा नाचला की काय सांगू! फुकणी एकीकडे, तो एकीकडे. मग कुंपणाबाहेरच्या माणसांना धीर आला आणि चार-पाच जण त्याच्यावर पडले. त्यातले दोघे घरी जाऊन हेच काम करणारे होते, पण त्या दिवशी त्यांनी त्याला दणादण हाणला. मी? मी पायलला उचलून तट्ट्याबाहेर आणलं. एवढं मी केलं. तिच्या अंगावर भाताची चार शितं उडाली होती, ती तिनं वेचून खाल्ली.

ठाण्यात ठाणेदार साहेबांनी कागद ओढला आणि म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण होतं, मॅडम मधे पडल्या..."

मॅडमनी उजव्या हातानं पिशवीतून रजिस्टर काढून त्यांच्यापुढे टाकलं. "मधे नाही पडलो. ड्यूटीवर होतो. वाचा."

साहेबांनी वाचलं. शिक्का पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. साहेबांनी पहिला कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. सरकारी नोकराला कामावर असताना मारणं, हाड मोडणं: त्याला जे कलम लागतं त्याला ठाण्यातून जामीन मिळत नाही. सुनीताची पाठ सात वर्षं कुठल्या कागदावर आली नव्हती. मॅडमचा हात अर्ध्या तासात आला. देवचंदला त्याच संध्याकाळी गाडीत बसवलं.

दवाखान्यात प्लास्टर वाळायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही मुद्दाम मार खाल्ला?"

"मुद्दाम कोन मार खाते जी?" त्या म्हणाल्या. दुखण्यानं ओठ पांढरे पडले होते. "पन खाचाच हाये, त शाळेच्या टाइमात खावा."

गावानं मात्र हे सोडलं नाही. माझ्याकडे माणसं आली. साक्ष फिरवा, मॅडम घसरून पडल्या म्हणा, तुम्हाला इथंच नोकरी करायची आहे. मी चहा पाजला, हो हो म्हणालो आणि साक्ष तशीच ठेवली. माझ्या शौर्याची मर्यादा तेवढीच. मग गावानं दुसरी वाट काढली. मॅडमनी सरकारी ठोकळे चुलीत जाळले, असा अर्ज गेला. चार वर्षांपूर्वीचा तो हिरवा धूर आता सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम गेला. मॅडमची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. हातावर प्लास्टर असतानाच.

आणि ज्या दिवशी त्या निघायच्या होत्या त्याच दिवशी कोर्टातून देवचंदला जामीन झाल्याची खबर आली. दुपारच्या गाडीनं तो येणार होता. तो घरी आल्यावर पहिलं काम काय करेल, हे गावात लहान लेकरालाही ठाऊक होतं.

सकाळी अकराला मॅडमची स्कूटी शाळेच्या फाटकाशी आली. प्लास्टरचा डावा हात गळ्यात. मागं सुनीता, मांडीवर कपड्यांचं बोचकं. पुढं, हत्यारांच्या पोत्यावर पाय ठेवून, पायल उभी. सुनीताचा भाऊ आमगावला राहतो, त्याच्याकडे सोडायला निघाल्या होत्या. मी म्हणालो, एका हातानं गाडी कशी चालवाल? ते बोलणं त्यांनी ऐकलंच नाही. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "पयलीचा वर्ग आता तुमच्याकडे. टमाटर दाखवा त्यायले." मग निघाल्या.

रस्त्यावर धान वाळत घातलेलं होतं. फाटकापासून शंभरेक पावलांवर देवचंदचा भाऊ आणि आणखी तिघे-चौघे उभे होते. खबर त्यांनाही लागली होती. गाडी येताना दिसली तसे ते रस्त्याच्या मध्ये आडवे झाले.

"थांबवा गाडी, मॅडम! वयनी कुठी नाई जात. घरची बाई घरीच राईन!"

मॅडमचा उजवा हात गाडी पळवायला होता. मागचा ब्रेक डाव्या बाजूला, आणि तो पायलनं दोन्ही मुठींत धरला होता. मला फाटकातून सगळं स्पष्ट दिसत होतं. माणसं हलत नव्हती, गाडीही हळू होत नव्हती.

"पायल!" मॅडम ओरडल्या. "समोर काका हाये. दाबते का?"

"नाई!" पायलही ओरडली.

तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. देवचंदच्या भावानं शेवटच्या क्षणी उडी मारली आणि धानाच्या पेंढ्यांत डोक्यावर पडला. बाकीचे दोन्ही बाजूंना उडाले. स्कूटी वाळत्या धानावरून सरसरत गेली, दाणे मागं उडाले, पोत्यातली हत्यारं खणखणली. त्यानंतर मी उके मॅडमना पाहिलेलं नाही. मी फाटकात उभा राहून गाडीचा मागचा दिवा बघत राहिलो. आमगावच्या वळणापर्यंत तो एकदाही लाल झाला नाही.